मोनेचं पाणी, रेन्वारची माणसं

क्लोद मोनेच्या ‘ला ग्रनुयेर’ या चित्रात नजर आधी जाते ती खालच्या अर्ध्या भागातल्या पाण्याकडे. चपट्या कुंचल्याचे आडवे, रुंद फटकारे एकाखाली एक बसवले आहेत. एक जवळजवळ काळा, त्याला लागून मातकट, मग फिकट निळा, मधेच पिवळसर पांढरा. कुठलाही रंग शेजारच्यात घोळवलेला नाही, फटकाऱ्यांच्या कडा ओढल्या तशाच ठेवल्या आहेत. अगदी जवळून पाहिलं तर हे सुटे सुटे तुकडे आहेत आणि त्यांत पाणी शोधून सापडत नाही. थोडं मागे सरकून पाहावं, तर तेच तुकडे होड्यांच्या कडेशी डुचमळू लागतात. काळा फटकारा म्हणजे लाटेची सावलीतली बाजू, पिवळसर म्हणजे वरच्या पानांतून गळून आलेलं ऊन, हे डोळ्यांना कुणी सांगावं लागत नाही. तैलरंगात पाण्याचा चकचकीतपणा दाखवणारी चित्रं त्याआधीही होती. पाण्याचं सतत मोडणं आणि पुन्हा जुळणं इतक्या उघड्या हाताने मांडलेलं चित्र मला त्याआधीचं आठवत नाही.

हेच दृश्य, तोच उन्हाळा, जवळपास तीच उभं राहण्याची जागा, आणि शेजारी दुसरा कॅनव्हास लावून उभा असलेला ओग्यूस्त रेन्वार. वर्ष १८६९. पॅरिसच्या पश्चिमेला सेन नदीतल्या क्रुआसी बेटाच्या काठाशी ला ग्रनुयेर नावाचं ठिकाण होतं: तरंगतं उपाहारगृह, पोहायची जागा, भाड्याच्या होड्या. रेल्वेने थोड्या वेळात येता यायचं, म्हणून सुट्टीच्या दिवशी शहर तिथे लोटायचं. त्याच उन्हाळ्यात सम्राट तिसरा नेपोलियनही राणीसह तिथे येऊन गेला होता. काठापासून थोड्या अंतरावर एक इवलंसं गोल बेट होतं, मधोमध एकच झाड. चीजच्या गोल वडीवरून लोक त्याला ‘कामांबेर’ म्हणत. तिथून फळ्यांच्या अरुंद साकवावरून तरंगत्या उपाहारगृहात जाता येई.

दोघे चित्रकार अठ्ठावीस वर्षांचे आणि दोघांची स्थिती ओढगस्तीची. मोने जोडीदारीण आणि लहान मुलगा यांना घेऊन बुजिव्हाल गावाजवळ राहत होता. सलोँ या सरकारी प्रदर्शनाने त्या वर्षी त्याची चित्रं नाकारली होती. रेन्वार जवळच आईवडिलांकडे उतरला होता आणि घरातला पाव मोनेच्या घरी पोचवत होता. कधी पोटाला नसे, तर कधी रंग संपलेले असत. सप्टेंबरात मोनेने मित्र बाझीलला पत्र लिहिलं. ला ग्रनुयेरचं एक मोठं चित्र करायचं मनात आहे, त्यासाठी काही कच्ची चित्रं केली आहेत पण ती वाईट आहेत, आणि रेन्वारलाही हेच चित्र करायचं आहे, असा त्यातला आशय. आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आणि लंडनच्या नॅशनल गॅलरीत ज्यांच्यापुढे माणसं थबकतात ती बहुधा हीच ‘वाईट’ चित्रं.

आता न्यूयॉर्कचा मोने आणि स्टॉकहोमच्या राष्ट्रीय संग्रहालयातला रेन्वार शेजारी ठेवून पाहू. दोन्हींत बेट मधोमध, उपाहारगृह उजवीकडे, पुढे बांधलेल्या होड्या. वेगळेपण सुरू होतं ते चौकटीपासून. मोनेचा कॅनव्हास जवळजवळ मीटरभर रुंद आहे. त्याने बेटाला मागे ढकललं आणि पुढे पाण्याला ऐसपैस जागा करून दिली. रेन्वारचा कॅनव्हास लहान, सुमारे ६६ बाय ८१ सेंटिमीटर, आणि त्यात बेट जवळ ओढून घेतलेलं. बेट जवळ आलं की त्यावरची माणसं मोठी होतात, आणि रेन्वारला हवं होतं ते नेमकं हेच. मोनेच्या बेटावरचा माणूस म्हणजे दोन-तीन उभे फटकारे, तोंड नाही, हात नाहीत. पोहणारे तर पाण्यावरचे गडद ठिपके. रेन्वारच्या बेटावर घोळदार झगे ओळखू येतात, टोप्या ओळखू येतात. कोण कुणाकडे वळून बोलत आहे याचाही अंदाज बांधता येतो.

रेन्वारने कोवळ्या वयात चिनी मातीच्या भांड्यांवर नक्षी रंगवून पोट भरलं होतं, आणि त्याचे वडील शिंपी होते. हे दोन्ही इथे दिसतं असं मला वाटतं. त्याचा फटकारा आखूड, हलका, पिसासारखा. झाडाच्या पानांत, झग्याच्या घड्यांत आणि पाण्यात तो एकाच मायेने फिरतो, म्हणून चित्रभर एक मऊपणा पसरतो. कापडाचं वजन त्याला कळतं. उन्हात पांढरं सुती कापड निळसर कुठे होतं आणि मोतिया कुठे होतं, हे त्याने ज्या बारकाईने टिपलं आहे तिकडे मोने वळतच नाही. मोनेचा कुंचला मात्र वस्तूगणिक बदलतो: पाण्याला आडवा, माणसाला उभा, पलीकडच्या झाडांना डागांचा.

गी द मोपासाँने पुढे आपल्या कथांतून हे ठिकाण रंगवलं ते गोंगाटाचं, उथळ, घामट गर्दीचं. तो उग्रपणा दोघांच्याही चित्रांत नाही. मोनेने तो टाळला असं म्हणता येत नाही, कारण त्याला माणसांबद्दल काही सांगायचंच नव्हतं. रेन्वारने मात्र तो जाणून बाजूला ठेवला असावा. त्याला लोक सुखात असलेले पाहायला आवडत, आणि आयुष्यभर त्याने तेच रंगवलं. यात कुणाला भाबडेपणा दिसेल. पण ज्याच्या घरी पावाची मोजदाद चालली होती त्याने असं निवांत दुपारचं ऊन रंगवावं, यात मला मोठी हिंमत दिसते.

या जोडीत माझा कल मोनेकडे आहे. रेन्वारच्या चित्राचा पुढचा भाग मला जरा बिचकलेला वाटतो. पाण्यात त्याने मोनेसारखे तुटक फटकारे मारायला घेतले आहेत, पण हात मधेच आवरला आहे आणि पाणी धुरकट झालं आहे. शेजाऱ्याचं बघून शिकणं चालू आहे, अजून ते अंगवळणी पडलेलं नाही. उलट बेटावर, आपल्या माणसांत पोचताच त्याचा हात मोकळा होतो. मोनेच्या चित्रात असा संकोच कुठेच नाही. साकवाची आडवी रेघ, उपाहारगृहाचं छप्पर आणि पुढच्या होड्यांचे तिरके आकार यांनी त्याने चित्र असं पक्कं बांधलं आहे की मधलं पाणी हवं तेवढं हलू शकतं.

पाच वर्षांनी, १८७४ मध्ये, आर्जांतय इथे दोघे पुन्हा शेजारी उभे राहिले आणि दोघांनी त्याच शिडाच्या होड्या रंगवल्या. तोवर दोघांचे फटकारे इतके जवळ आले होते की सही झाकली तर जाणकारालाही क्षणभर थांबावं लागेल. आर्जांतयची चित्रं जास्त सफाईदार आहेत यात शंका नाही. तरी रसिकाने आधी १८६९ ची जोडी पाहावी. त्यात दोघांनी एकमेकांचा हात अजून उचललेला नाही, आणि एकाला पाणी दिसतंय, दुसऱ्याला माणसं, हे प्रत्येक फटकाऱ्यात वेगळं वाचता येतं.