ऑक्टेन मोजले, हेप्टेन निघाले

पदवी वर्गाच्या प्रात्यक्षिक पुस्तिकांत पृष्ठताणाचा प्रयोग बहुधा असतोच. आमची तक्रार प्रयोगाविषयी नाही, त्याच्या दीड पानी वर्णनाविषयी आहे. थेंबमापीतून, म्हणजे स्टॅलॅग्मोमीटरमधून, द्रव सोडायचा, दोन खुणांमधल्या द्रवाचे थेंब मोजायचे, मग तेच पाण्यासाठी करायचे. थेंबसंख्या आणि घनता यांच्या गुणोत्तरात पाण्याचे ७२.८ डाइन प्रति सेंमी घातले की उत्तर तयार. द्रव हायड्रोकार्बन असला की मात्र ही कृती उघडी पडते.

आमच्या परिचयाच्या एका विद्यार्थिनीची हकीकत सांगतो. हिवाळ्यातली सकाळ, तपमान २० अंश. पाण्याचे थेंब आले ४० आणि ऑक्टेनचे १०१. घनता ०.७०३ घेऊन उत्तर आले २०.३. पुस्तकात ऑक्टेनचे मूल्य २१.६ आणि हेप्टेनचे २०.१. परीक्षकांनी विचारले, बाटली बदलली काय? तिने तीनदा थेंब मोजले. फरक पडला नाही. शेवटी तिने १०१ खोडून ९५ लिहिले, उत्तर २१.६ आले आणि पैकीच्या पैकी गुण मिळाले.

ती मोजण्यात चुकली नव्हती. चूक पुस्तिकेची होती.

सुटणाऱ्या थेंबाचे वजन नळीच्या टोकाचा परीघ गुणिले पृष्ठताण एवढे असते, हा टेटचा १८६४ सालचा नियम. पण नळाखाली थेंब नीट न्याहाळला तर दिसते की तो सगळाच्या सगळा सुटत नाही. आधी त्याला मान येते, मान बारीक होत तुटते आणि थेंबाचा बराच भाग वरच चिकटून राहतो. हार्किन्स आणि ब्राउन यांनी १९१९ साली याचे कोष्टक प्रसिद्ध केले. किती भाग सुटणार हे टोकाची त्रिज्या आणि थेंबाचे आकारमान यांच्या प्रमाणावर अवलंबून असते. दोन मिलिमीटर त्रिज्येच्या टोकावरून पाण्याच्या 'आदर्श' वजनापैकी सुमारे ६५ टक्के सुटते, ऑक्टेनच्या सुमारे ६१ टक्के. पाण्याशी तुलना केल्यावर दोन्हींकडची त्रुटी सारखीच म्हणून कटते, असे पुस्तिका धरून चालते. ती कटत नाही. सहा टक्के शिल्लक राहतात, आणि ऑक्टेनमधून सहा टक्के गेले की जवळजवळ हेप्टेन उरते! एकामागून एक येणाऱ्या या हायड्रोकार्बनांच्या पृष्ठताणातला फरकच मुळी एवढा लहान असतो (हेक्झेनचे १८.४, डेकेनचे २३.८), की जी चूक ग्लिसरीनच्या प्रयोगात खपून जाते ती इथे पदार्थाची ओळखच बदलते.

उपाय अवघड नाही. पाण्याऐवजी टोल्युईन प्रमाण धरावे. २० अंशांना त्याचे पृष्ठताण २८.५, घनता ०.८६७. थेंबाचे आकारमान पृष्ठताण भागिले घनता या राशीवर ठरते. ती पाण्यासाठी ७३, टोल्युईनसाठी ३३ आणि ऑक्टेनसाठी ३१ येते. टोल्युईन आणि ऑक्टेन यांचे थेंब जवळपास सारख्याच आकारमानाचे पडतात, त्यामुळे त्रुटी खरोखरच कटते. अर्ध्या टक्क्याहून कमी उरते. बेंझीनचा मोह मात्र टाळावा, ते कर्करोगकारक आहे. टोल्युईनही उघड्या खिडकीपाशी आणि बर्नर विझवूनच हाताळावे.

दुसरा आक्षेप पाण्याविषयीच. पुस्तिकेच्या लेखी पाणी हा भरवशाचा द्रव आणि हायड्रोकार्बन अनोळखी. प्रत्यक्षात उलट आहे. टोकाला बोटाचा तेलकटपणा लागला तर हायड्रोकार्बनला त्याचे फारसे काही वाटत नाही, तो कडेपर्यंत पसरतो. पाणी मात्र कडेपासून मागे सरते, म्हणजे दोन्ही द्रवांची 'त्रिज्या' एक राहत नाही, आणि वर पाण्याचे पृष्ठताणही घसरते. आधी हायड्रोकार्बन मोजून, नळी नुसती पाण्याने विसळून पाणी मोजणारे विद्यार्थी आम्ही पाहिले आहेत. त्यांचे ७२.८ हे टोकाशी लोंबणाऱ्या पाण्याचे नसतेच, ते पुस्तकातले असते.

केशिका नळीच्या पद्धतीत ही मानेची भानगड नाही. पण अर्धा मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत पाणी ३० मिलिमीटर चढते, ऑक्टेन साडेबाराच. वाचनात अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तर उत्तर चार टक्क्यांनी हलते. थेंबमापीच बरी, फक्त थेंब मोजण्यापेक्षा झाकणाच्या बाटलीत ५० थेंब धरून ते तोलावेत. हेक्झेन असेल तर झाकण हाताशी ठेवावे, ते तोलता तोलता उडते.

आणि परीक्षकांना एक विनंती. २०.३ लिहिलेले जर्नल समोर आले तर थेंबांची संख्या, टोकाची त्रिज्या आणि प्रमाण द्रव कोणता हे आधी पाहावे. १०१ थेंब आणि पाणी, एवढे दिसले तर २०.३ हेच बरोबर वाचन आहे. ९५ दिसले तर खोडलेल्या आकड्याखाली काय आहे ते उजेडाकडे धरून पाहावे.