गोडसे भटजींची विहीर आणि झाशीचा तट

ग्वाल्हेरला फूलबागेत राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीपाशी दर जूनमध्ये भाषणं होतात. विष्णुभट गोडशांच्या 'माझा प्रवास'मधला विहिरीचा प्रसंग त्यांत हमखास येतो. मीही एकदा तो सांगितला, आणि अर्धाच सांगितला. त्याची बोच आहे, म्हणून हे लिहितोय.

झाशी पडल्यानंतर काल्पीच्या बाजूला एका विहिरीपाशी भटजींना राणी भेटतात. धुळीनं माखलेल्या, तहानलेल्या. भटजी पाणी काढायला पुढे होतात. विद्वान ब्राह्मणाला हे काम कसं सांगायचं, म्हणून त्या स्वतःच काढून पितात. मग म्हणतात, मला विधवेला अर्धा शेर तांदूळ पुरले असते, धर्माच्या अभिमानासाठी यात पडले. आमचं भाषण इथं थांबतं, टाळ्या पडतात. पुस्तकात मात्र त्या पुढे सांगतात, ईश्वरानं यश दिलं नाही.

म्हणजे निष्ठा होती आणि हारही झाली. मग त्या निष्ठेनं बळ दिलं ते कुठं? माझ्या मते ते विहिरीवर शोधूच नये, आधीच्या वेढ्यात शोधावं. मार्च १८५८ मध्ये ह्यू रोझच्या तोफा दिवसा तट पाडत आणि रात्री गवंडी तो पुन्हा बांधत. मी तीस वर्षं बांधकामात काढली. ओल्या चुन्याची भिंत सकाळच्या गोळ्यापुढे किती टिकणार, हे त्या गवंड्यांना कुणी शिकवायला नको होतं. तरी बांधली! तोफांच्या मोर्चांवर बायका राबत होत्या, हे तर खुद्द रोझनंच नोंदवलंय.

३ एप्रिलला इंग्रज शहरात शिरले. पुढची कत्तल आणि लूट भटजी जराही झाकत नाहीत. या निष्ठेची किंमत कुणी मोजली, ते त्या पानांवर दिसतं. ती पानंही आम्ही भाषणात गाळतो.

भटजींनी हे सगळं सुमारे पंचवीस वर्षांनी लिहिलं. चिं. वि. वैद्यांनी १९०७ मध्ये छापलं ते बरेच फेरफार करून. मूळ लेखन दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये आणलं. त्यामुळे राणींच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे मी धरणार नाही. पण पुढे केलेला हात नाकारला गेला, हे माणूस विसरत नाही.

भटजी स्वतः निघाले होते बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाची दक्षिणा मिळवायला. मिळवलेला पैसा वाटेत लुटला गेला. आईवडिलांसाठी घेतलेली गंगेची कावड मात्र त्यांनी वरसईला पोचवली.