नौकेवरचा प्याला : जॅक लंडनच्या ‘जॉन बार्लिकॉर्न’चा पुनर्विचार

मद्यपानाविषयीच्या वाङ्मयाचे ढोबळ मानाने दोन वर्ग पडतात. एका वर्गातले ग्रंथ मद्याचा धिक्कार करतात, दुसऱ्या वर्गातले त्याचे गोडवे गातात. आणि या गदारोळात पिणारा माणूस मात्र बहुधा दोहोंकडूनही निसटतो. अमेरिकन कादंबरीकार जॅक लंडन याचे १९१३ साली प्रसिद्ध झालेले ‘जॉन बार्लिकॉर्न’ हे आत्मनिवेदन या दोन्ही वर्गांबाहेरचे आहे. ‘बार्लिकॉर्न’ म्हणजे जवाचा दाणा. जवापासून होणाऱ्या मद्याला इंग्रजी लोकगीतांनी हे मानवी नाव दिले आणि लंडनने त्याला आपल्या आयुष्याचा सोबती, गुरू व वैरी अशा तिन्ही भूमिका देऊन रंगमंचावर उभे केले. या पुस्तकाकडे आजवर एका व्यसनी लेखकाचा कबुलीजबाब म्हणून किंवा दारूबंदीच्या प्रचाराचे साधन म्हणून पाहिले गेले आहे. या दोन्ही दृष्टी अपुऱ्या आहेत, असे आम्हांस वाटते. या ग्रंथाचा सकस भाग जमिनीवर घडत नाही, तो पाण्यावर घडतो. आणि नौकेवरील मद्य व नौकेवरील नियम यांच्या संबंधाविषयी त्याने जे दाखविले आहे, तेच त्याचे टिकाऊ धन आहे. दुर्दैव एवढेच, की जे त्याच्या लेखणीने दाखविले ते त्याच्या बुद्धीने शेवटपर्यंत स्वीकारले नाही.

लंडनचा जन्म १८७६ सालचा, सॅन फ्रान्सिस्कोचा. तेथील विस्तीर्ण आखात हीच त्याची शाळा होती. वयाच्या पंधराव्या वर्षी त्याने उसनवारीच्या पैशांनी ‘रॅझल डॅझल’ नावाची एका डोलकाठीची नौका विकत घेतली आणि रात्री परक्यांच्या कालवांच्या बागा लुटणाऱ्या टोळीत तो सामील झाला. १८९३ साली ‘सोफिया सदरलँड’ या सीलच्या शिकारीला निघालेल्या गलबतावर तो खलाशी म्हणून गेला. पुढे कीर्ती व पैसा हाती आल्यावर त्याने ‘स्नार्क’ ही स्वतःची नौका बांधून घेतली आणि १९०७ च्या एप्रिलात जगप्रदक्षिणेचा संकल्प सोडून प्रशांत महासागरात शीड उभारले. तो संकल्प आजारपणामुळे १९०८ मध्येच अर्ध्यावर सुटला, आणि १९१६ साली, अवघ्या चाळिसाव्या वर्षी, त्याचे आयुष्यही संपले. नौका आणि मद्य या दोहोंशी इतका घनिष्ठ परिचय असलेला लेखक विरळाच.

ग्रंथातील तीन प्रसंग येथे विचारात घेऊ. पहिला ‘आयडलर’ या नांगरून ठेवलेल्या नौकेवरचा. लेखक चौदा वर्षांचा आहे. नौकेची राखण करणारा एकोणीस वर्षांचा तरुण, जहाजावरून पळालेला सतरा वर्षांचा एक खलाशी आणि हा पोरगा अशी तिघांची बैठक जमते. स्वस्त व्हिस्की येते, गाणी होतात, भांडणे होतात, आणि अखेर नौकेची राखण ज्याच्याकडे सोपविली आहे तोच शुद्ध हरपून पडतो. पोराला मात्र आपण टिकून राहिलो याचा अभिमान वाटतो. त्या अभिमानाच्या भरात तो आपल्या लहानशा होडीत उतरतो, शीड उभारतो आणि ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलात थेट घुसतो. लंडनचे कसब असे, की हा प्रसंग तो उपदेशकाच्या स्वरात सांगत नाही. त्या रात्रीचा आनंद तो पुरेपूर आनंद म्हणूनच रंगवितो. त्यामुळे ‘मला काही होत नाही’ ही भावनाच मद्याचे पहिले लक्षण आहे, हे वाचक स्वतःच ताडतो.

दुसरा प्रसंग बेनिशियाच्या धक्क्यावरचा. मध्यरात्र उलटल्यावर, पिऊन तर्र झालेला तरुण लंडन धक्क्याला बांधलेल्या एका नौकेवर चढू पाहतो, पाय चुकतो आणि तो पाण्यात पडतो. ओहोटीचा ओघ त्याला सामुद्रधुनीत ओढून नेतो. प्रथम त्याला मरण गोड वाटते. आपणहोऊन वाहत जावे असे वाटते. तासांमागून तास थंड पाण्यात गेल्यावर नशा उतरते, जगण्याची इच्छा जागी होते. पण तोवर हातापायांतील बळ सरत आलेले असते. पहाटेच्या सुमारास एक ग्रीक कोळी त्याला बाहेर काढतो म्हणून पुढची सारी पुस्तके लिहिली गेली. ग्रंथातील हे सर्वांत प्रभावी प्रकरण होय. मद्य आधी तोल घेते, मग भय घेते आणि शेवटी जगण्याची ओढही घेते, हा क्रम इतक्या निर्विकारपणे क्वचितच लिहिला गेला असेल.

तिसरा प्रसंग वरकरणी साधा, परंतु विचाराच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे. ‘सोफिया सदरलँड’वर खलाशांना मद्य मिळत नव्हते. एक्कावन्न दिवस ते गलबत समुद्रावर होते आणि लंडनला मद्याची आठवणही झाली नाही. पाळ्या, शिडे, वादळे यांत तो पूर्ण सुखी होता. मग जपानच्या दक्षिणेकडील बोनिन बेटे आली. डोंगरात चढून जाणारी एक वाट त्याने गलबतावरूनच हेरली होती. बेट पाहण्याचा बेत दोन सोबत्यांसह ठरला होता. पण आधी एकेक प्याला घेऊ म्हणून ते थांबले, आणि ती वाट तशीच राहिली. पुढे योकोहामातही हेच घडले. गलबतावरचा संयमी खलाशी आणि बंदरावरचा मद्यपी हे दोन वेगळे पुरुष नव्हते. एकाच माणसाची ही दोन रूपे होती, आणि त्यांच्यामधला फरक मनोनिग्रहाचा नसून व्यवस्थेचा होता.

येथे मराठी वाचकाला ‘एकच प्याला’ आठवल्यावाचून राहणार नाही. राम गणेश गडकऱ्यांचे हे नाटक त्यांच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांतच, १९१९ च्या फेब्रुवारीत, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास प्रथम रंगभूमीवर आणले. सुधाकराजवळ विद्या आहे, तेजस्वी स्वाभिमान आहे, सिंधूसारखी पत्नी आहे. तो मद्य सोडण्याचा निश्चयही करतो. पण जगाच्या अवहेलनेचा एक फटका त्या निश्चयाला पुरतो आणि तो पुन्हा तळीरामाच्या वाटेला लागतो. गडकऱ्यांची शोकांतिका ही संकल्पाची शोकांतिका आहे. पहिल्या प्याल्यातच सर्वनाशाचे बीज असते, हे तिचे सूत्र. लंडनचे सूत्र निराळे आहे. त्याच्या मते पहिल्या प्याल्याहूनही हाताजवळच्या प्याल्यात अधिक भय आहे. त्याने मद्य रुची म्हणून जवळ केले नाही. जेथे पुरुष भेटतात तेथे ते होते, म्हणून ते त्याला चिकटले. गडकरी माणसाच्या अंतःकरणात डोकावतात, लंडन माणसाभोवतालची जागा मोजतो. व्रत आणि नियम यांतला भेद आपल्या परंपरेला ठाऊक आहे: व्रत एकट्याचे असते, नियम सर्वांचा असतो. नौकेवर या भेदाला प्राणांतिक अर्थ येतो, कारण तेथे कोणाचाही प्याला एकट्याचा राहत नाही.

एवढे मर्म हाती आले असता ग्रंथकार त्याचे काय करतो? येथे त्याची गाडी दोन दिशांना ओढली जाते. पुस्तकाच्या प्रारंभीच तो सांगतो, की कॅलिफोर्नियात स्त्रियांना मताधिकार देण्याच्या बाजूने त्याने मत दिले, कारण स्त्रिया दारूबंदी आणतील. पुढच्या पिढ्यांसाठी त्याला मद्याचा संपूर्ण अभाव हवा आहे. स्वतःसाठी मात्र शेवटच्या पानावर तो ठरवितो, की आपण पीत राहू, फक्त अधिक सावधपणे. टीकाकाराने या विसंगतीला प्रामाणिकपणा म्हणून सोडून देऊ नये. ‘आयडलर’वरचा पोरगा सावधपणाच्या याच भ्रमात चिखलात रुतला होता, प्रौढ लेखक त्याच भ्रमावर ग्रंथाचा शेवट करतो. आणि ज्या कायद्यावर त्याने भिस्त ठेवली, त्याची कथाही बोलकी आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेतील दारूबंदीची दुरुस्ती १९१९ च्या जानेवारीत संमत झाली, १९२० पासून अंमलात आली आणि १९३३ साली रद्द झाली. त्या तेरा वर्षांत मद्याने लादलेली जहाजे किनाऱ्यापासून दूर, कायद्याच्या हद्दीबाहेर, रांगेने उभी राहत आणि वेगवान होड्या रात्री माल उतरवून घेत. जमिनीवरून हाकललेला बार्लिकॉर्न नौकेवर जाऊन बसला!

संपूर्ण बंदी आणि व्यक्तीचा सावधपणा या दोन टोकांच्या मध्ये समुद्राने फार पूर्वीच आपला मार्ग शोधला होता. १७४० साली ब्रिटिश आरमाराचा अधिकारी व्हर्नन याने खलाशांची रम चौपट पाण्यात मिसळून, दिवसातून दोन वेळा, डेकवर, पाळीवरील अधिकाऱ्याच्या समक्ष वाटण्याचा हुकूम काढला. माप, वेळ, जागा आणि साक्षी हे चारही घटक त्या एका हुकमात आहेत. पुढे मापही घटत गेले आणि १९७० च्या ३१ जुलैला ती वाटणीच बंद झाली; यंत्रे व शस्त्रे चालविणाऱ्या हातांना ती परवडेना. अमेरिकन आरमाराने तर या पुस्तकानंतर वर्षभरातच, १९१४ च्या १ जुलैपासून, आपल्या जहाजांवर मद्य निषिद्ध केले. व्यापारी जहाजांच्या खलाशांसाठी २०१० साली मनिला येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय सुधारणांनी रक्तातील मद्याची कमाल मर्यादा ०.०५ टक्के ठरविली आहे.

परंतु हौसेच्या नौकेवर, म्हणजे ‘स्नार्क’सारख्या नौकेवर, प्रश्न अधिक बिकट होतो. तेथे मालकच कप्तान. नियम करणारा तोच आणि मोडणाराही तोच. अमेरिकेच्या संघीय कायद्याने अशा नौकेच्या चालकासाठी ०.०८ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. धंद्याच्या नौकेसाठी ती ०.०४ आहे. ब्रिटनच्या २००३ च्या कायद्याने व्यावसायिक नाविकांना बांधले. हौशी नाविकांविषयीचे कलम मात्र लिहिले जाऊनही वर्षानुवर्षे अंमलाविना राहिले. शिवाय आकडा मुख्यतः सुकाणूवरचा हात मोजतो. लंडन पाण्यात पडला तेव्हा तो कोणतीही नौका चालवीत नव्हता, आणि ती नौका धक्क्याला बांधलेली होती. ऊन, वारा आणि सततचे डोलणे यांनी शरीर आधीच शिणलेले असते. त्यात मद्य तोल बिघडविते, आणि त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावून थंड पाण्यात देहाची ऊब लवकर घालविते. म्हणून जाणते नाविक कायद्याच्या आकड्यापुढे जाऊन आपले नियम करतात: नौका चालू असता कोणी पिऊ नये, नांगर पडल्यावरही एक जाणता माणूस कोरडा राहावा, कारण नांगर रात्री घसरतो, पिऊन आलेल्याने अंधारात लहान होडीतून एकट्याने परतू नये, आणि लाइफ जॅकेट अंगातून काढू नये. ‘आयडलर’ आणि बेनिशिया ही दोन प्रकरणे वाचलेल्या माणसाला या नियमांचे समर्थन निराळे द्यावे लागणार नाही.

मनूने सुरापानाला महापातकांत घातले आहे; ज्याला प्याला शिवायचाच नाही त्याने त्याच्या मापाची चर्चा कशाला करावी, असे या पृष्ठांचा वाचक विचारील. प्रश्न रास्त आहे. उत्तर असे, की न पिणाराही नौकेत बसतो. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहणाऱ्या किनाऱ्यावर हे सांगावयास नको. मांडवीच्या पात्रात आज दिव्यांनी झगमगणाऱ्या करमणुकीच्या नौका उभ्या आहेत आणि सहलीच्या नौका फिरत आहेत. त्यांत कुटुंबे बसतात, लेकरे बसतात. त्यांचे व्रत कितीही कडक असले, तरी सुकाणू धरणाऱ्याचा नियम ढिला असेल तर ते व्रत त्यांना वाचवू शकत नाही. सोवळे स्वतःपुरते पाळता येते. नौका स्वतःपुरती चालविता येत नाही.

‘जॉन बार्लिकॉर्न’ हा म्हणून सदोष पण मोठा ग्रंथ आहे. त्याचा युक्तिवाद ढासळतो, उत्तरार्धातील मद्यजन्य नैराश्याचे तत्त्वज्ञान पसरट होते, आणि आत्मगौरवाचा सूर अनेकदा आत्मपरीक्षणावर मात करतो. पण पाण्यावरची त्याची पाने खोटी बोलत नाहीत. माणूस आपल्या निश्चयाने जेवढा चांगला असतो, त्याहून तो चांगल्या नियमाखाली अधिक चांगला होऊ शकतो, हे एक्कावन्न दिवसांच्या त्या कोरड्या प्रवासाने सिद्ध केले होते. लंडनने ते लिहून ठेवले आणि स्वतः त्याच्या आधाराने उभा राहिला नाही. वाचकाने मात्र राहावे.