मढ्याची राखण आणि मृताचा मान

मरणापुढे सगळे सारखे, असे आपल्याकडे फार सहजपणे म्हटले जाते. गावगाड्यात ते कधीच खरे नव्हते. गावात कोणी मेले की परगावी सांगावा पोचवायचा महाराने, सरणाची लाकडे वाहायची त्यानेच, आणि मोबदला म्हणून घ्यायचे मढ्यावरचे कापड. त्याला नाव मात्र 'हक्क'! मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाला नेसायला प्रेतावरचे वस्त्रच नेमून दिले आहे. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला हा ग्रंथ जाळला गेला, तो उगाच नव्हे.

या दृष्टीने दोन कलाकृती पुन्हा वाचायला हव्यात. शंकरराव खरातांच्या 'तराळ-अंतराळ'मध्ये (1981) तराळकी करणाऱ्या बापाला विहिरीतल्या प्रेताची राखण करावी लागते आणि ते काढायला विहिरीत उतरावे लागते. पोरगा ते पाहतो. अण्णाभाऊ साठे यांच्या 'स्मशानातील सोनं' या कथेतला भीमा खाणीचे काम बंद पडल्यावर मढी उकरून सोने शोधतो. प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात आणि तो ती कायमची गमावतो. नंतर कळते, खाण पुन्हा सुरू झाली आहे. पण आता दगड फोडायला बोटेच नाहीत.

हे बीभत्स रसाचे नमुने म्हणून बाजूला ठेवणे सोपे आहे. पण दोन्हीकडे प्रेत हे भयाचे निमित्त नाही, ते काम आहे. एकाला ते जातीने लादले, दुसऱ्याला भुकेने. ज्यांना मेलेल्यांची सेवा करावी लागली, त्यांच्या स्वतःच्या मृतांना मान कोणी दिला? खरातांच्या बापाला तो गावाने दिला नाही, लेकाच्या लेखणीने दिला. दलित आत्मकथन म्हणजे रडगाणे, असे म्हणणाऱ्यांना हे दिसत नाही. पिंड न पाडता पूर्वजांचे ऋण फेडण्याची ही रीत आहे.

ती रीत बाबासाहेबांनी आधीच दाखवून दिली होती. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांतली सहावी श्राद्धपक्ष आणि पिंडदान नाकारते. दोनच महिन्यांत, 7 डिसेंबरला, दादरच्या चौपाटीवर त्यांच्याच देहाला बौद्ध पद्धतीने अग्नी दिला गेला. आज 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर येणारा माणूस परत जाताना पुस्तक घेऊन जातो. मृताचा याहून मोठा मान कोणता?

पण आपल्या वस्त्यांकडेही डोळे उघडून पाहिले पाहिजे. पुण्यानुमोदनाच्या नावाखाली जुनी तेरावीच पंगतीसह परत येत असेल, आणि त्यासाठी विधवेला कर्ज काढावे लागत असेल, तर भटजी गेला आणि सावकार राहिला, एवढाच फरक पडला. त्रिशरण-पंचशील आणि चार माणसांनी सांगितलेल्या आठवणी पुरेशा आहेत. उरलेल्या पैशात एका मुलीची फी भरता येते, वस्तीच्या वाचनालयाला पुस्तके देता येतात. देहदानही करता येते. मात्र एक भेद विसरू नये. 1949 च्या शरीरशास्त्र कायद्याने बेवारस प्रेते वैद्यकीय महाविद्यालयांकडे जाऊ लागली. बेवारस ठरते ते बहुधा गरिबाचेच प्रेत. स्वेच्छेने दिलेला देह हे दान. वारस नाही म्हणून नेलेला देह दान नव्हे.

आणि हे सारे करायचे कुठे? स्मशानभूमीत जातीवरून अडवणे 1955 च्या कायद्यानेच गुन्हा ठरले. दलिताला प्रेत वाहायला वा कबर खणायला लावणे हाही 2015 च्या दुरुस्तीने अत्याचार ठरला. म्हणजे खरातांच्या बापावर जे लादले गेले, त्याला कायद्याच्या पुस्तकात गुन्ह्याचे नाव मिळायला एवढा काळ लागला. तरीही ज्या गावात दोन स्मशाने आहेत, तिथे विधी कसा करावा हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न जागेचा आहे. कार्यकर्त्यांनी तो ग्रामसभेत मांडावा आणि लेखकांनी कागदावर. मढ्याची राखण आपण पुष्कळ केली. आता आपल्या मृतांच्या मानाची राखण करू.