अडलं तर पुढे कसं जायचं?

शब्दकोड्यात आडवा शब्द अडला की आपण उभ्या शब्दांकडे वळतो, आणि तिथे सापडलेली दोन अक्षरं अडलेला शब्दही सोडवून देतात. कोड्यांच्या व्हिडिओ गेममध्ये ही साधी मुभा सहजी मिळाली नाही. १९९१च्या ‘लेमिंग्ज’मध्ये चार श्रेणी होत्या, प्रत्येकीत ३० लेव्हल. सुरुवात कुठल्याही श्रेणीपासून करता यायची, पण आत शिरल्यावर क्रम ठरलेला. सतराव्या लेव्हलवर गाडी अडली तर पुढच्या तेरा बंद. कुणाकडून पासवर्ड मिळाला तरच सुटका. ‘चिप्स चॅलेंज’ची विंडोज आवृत्ती या बाबतीत समजूतदार होती. वारंवार हरलात की ही लेव्हल सोडून पुढे जायचंय का, असं गेमच विचारायचा. २००८च्या ‘वर्ल्ड ऑफ गू’नेही लेव्हल वगळायची सोय दिली.

पण नुसतं ‘स्किप’चं बटण देऊन भागत नाही. चांगल्या गेममधली लेव्हल परीक्षा घेते तशी शिकवतेही. ‘पोर्टल’मध्ये (२००७) उंचावरून जमिनीतल्या पोर्टलमध्ये उडी घेतली की भिंतीतल्या दुसऱ्या पोर्टलमधून त्याच वेगाने आपण बाहेर फेकले जातो. ही युक्ती जिथे कळते ते दालन वगळलं, तर पुढची कोडी कळणारच नाहीत. कोणती लेव्हल शिकवणारी आणि कोणती कस पाहणारी, हे गेम रचणाऱ्याने आधी पक्कं करायला हवं. बहुतेक ठिकाणी नेमकं तेच राहून जातं.

ते ज्याने उत्तम साधलं तो गेम म्हणजे फिनलंडच्या अर्वी तेइकारी यांचा ‘बाबा इज यू’ (२०१९). यात खेळाचे नियमच शब्दांच्या ठोकळ्यांनी पटावर मांडलेले असतात. ‘वॉल इज स्टॉप’मधला एक ठोकळा बाजूला ढकलला की भिंती अडवेनाशा होतात. दोनशेहून अधिक लेव्हल नकाशावर पसरलेल्या आहेत. एक सुटली की शेजारच्या उघडतात, आणि एखादा भाग पार करायला त्यातल्या सगळ्या नव्हे, ठरावीक इतक्याच सोडवाव्या लागतात. अडलेली लेव्हल नकाशावर तशीच राहते. दुसरीकडे सुचलेली क्लृप्ती घेऊन तिच्याकडे केव्हाही परतता येतं. इथे वगळण्याचं बटण लागतच नाही. पुढे गेम फार कठीण होतो आणि तिथे एखादी सूचना हवीशी वाटते, ही त्याची उणीव. ‘कॅन ऑफ वर्महोल्स’ने (२०२३) त्यावर सुरेख तोड काढली: मदत मागितली की उत्तर मिळत नाही, त्यामागची कल्पना शिकवणारी एक छोटी लेव्हल मिळते.

जोनाथन ब्लो यांच्या ‘ब्रेड’मध्ये (२००८) न सुटलेलं कोडं ओलांडून पुढे चालत जाता येतं, पण शेवटचं जग उघडायला कोडी सोडवून मिळणारे साठच्या साठ तुकडे हवेत. ‘द विटनेस’मध्ये (२०१६) त्यांनी हात सैल सोडला. बेटावरची कोडी सोडवून पेटणाऱ्या ११ लेझरपैकी ७ लागले की शेवटाकडे नेणारं डोंगराचं दार उघडतं. मला हा दुसरा मार्ग जास्त प्रामाणिक वाटतो. खेळणाऱ्याला एखाद्या प्रकारात गती नाही, म्हणून शेवट त्याच्यापासून लपवून काय मिळवायचं?

मोबाइलवरचं चित्र मात्र उद्वेगजनक आहे. ‘अँग्री बर्ड्स’ने २०१० मध्ये अडलेली लेव्हल पार करून देणारा ‘मायटी ईगल’ पैसे घेऊन विकला. ‘कँडी क्रश सागा’मध्ये पाच जीव, गेलेला एक परत यायला अर्धा तास, आणि वाट एकच. शिवाय वरून कोणत्या गोळ्या पडतील हे नशिबावर. म्हणजे डोकं लढवूनही माणूस अडू शकतो, आणि त्या अडण्यावरच दुकान चालतं. ही कोड्याच्या कलेशी बेइमानी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

घरातल्या मुलाला कोड्यांचा नवा गेम घेऊन देण्याआधी स्वतः थोडा खेळून पाहा. अडल्यावर तो दुसरं दार दाखवतो की पैशांची मागणी करतो, एवढं तपासा. मागणी करत असेल तर घेऊ नका.