मुक्त अध्ययनसाधनांची गुणवत्ता आणि संहितेची कसोटी

उच्च शिक्षणातील मुक्त अध्ययनसाधनांचे मूल्यमापन करताना विनामूल्य उपलब्धता, सुबोधता आणि अभ्यासक्रमाशी अनुरूपता या गुणांनाच सामान्यतः प्राधान्य मिळते. परंतु युनेस्कोच्या व्यासपीठावरून २००२ साली पुढे आलेल्या आणि २०१९ च्या शिफारशीत विशद झालेल्या या संकल्पनेत साधनात फेरफार करण्याची मुभाही अंतर्भूत आहे. गुणवत्तेचा खरा प्रश्न येथेच उद्भवतो. फेरफार कोणी, केव्हा व कशाच्या आधारे केला हे कळल्यावाचून साधनाची विश्वसनीयता ठरविता येत नाही.

या दृष्टीने बीडशी निगडित असलेले एक उदाहरण उद्बोधक आहे. वि. का. राजवाडे यांनी बीड येथे मिळालेल्या हस्तलिखितावरून ज्ञानेश्वरीची संहिता १९०९ साली प्रसिद्ध केली. ही प्रत एकनाथपूर्व होय, असे त्यांचे प्रतिपादन होते. उलट, प्रचारात असलेला पाठ मुख्यतः एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, शुद्ध केलेल्या पाठाच्या परंपरेतील आहे. दोन्ही पाठ आज स्वामित्वहक्काच्या बंधनातून मुक्त आहेत. तेव्हा एखाद्या साधनात केवळ 'ज्ञानेश्वरी' एवढाच निर्देश करून ओव्या दिल्या असतील, तर त्या कोणत्या संहितेतील, हे विद्यार्थ्याने कसे ओळखावे? चिकित्सक आवृत्ती हाताशी नसलेला विद्यार्थी उत्तरकालीन रूपे तेराव्या शतकातील मानून भाषेचा इतिहास रचील आणि त्याचा दोष त्याच्याकडे जाणार नाही.

'विवेकसिंधू'च्या बाबतीतही हाच धोका संभवतो. ग्रंथात रचनाकाल शके १११० दिलेला असला, तरी उपलब्ध प्रतींची भाषा ज्ञानेश्वरीहून अर्वाचीन भासते. ग्रंथोक्त अंबानगर म्हणजे आंबेजोगाई की विदर्भातील आंभोरा, हाही वाद आहे. काल आणि स्थळ निःशंकपणे सांगून मोकळे होणारे साधन सुबोध ठरेल. प्रमाण ठरणार नाही.

यावर तज्ज्ञांकरवी परीक्षण हा उपाय सुचविला जातो. तो आवश्यक आहे, पण पुरेसा नाही. परीक्षण एकदा होते. फेरफार मात्र पुढेही चालू राहतो. म्हणून आधारप्रतीचा निर्देश, महत्त्वाचे पाठभेद आणि प्रत्येक दुरुस्तीची कालनिर्देशासह नोंद या तीन गोष्टी गुणवत्तेच्या किमान अटी मानल्या पाहिजेत. एकनाथांनी आपल्या शोधनाचा शक ग्रंथाअखेर नमूद केला आणि पाठात नवी ओवी घालणाऱ्यांना सावधही केले. चार शतकांपूर्वी पाळली गेलेली ही शिस्त ज्या साधनात आढळत नाही, त्याच्या मुक्ततेचा गौरव करण्यात फारसा अर्थ नाही.