धवळे आणि चारित्र्यशिक्षण

चारित्र्यशिक्षण म्हणजे सद्गुणांची नामावली, ही समजूत आपल्याकडे रूढ आहे. खांदेश्वर-पनवेल परिसरातील आगरी समाजाचे धवळे पाहता ती टिकत नाही. धवळारीण लग्नविधी गाऊन चालविते. देवतांचे आवाहन व हळदीसारखे विधी तिच्या गीतांशी निगडित असतात. आदराची येथे व्याख्या नसते, आचार असतो. १३व्या शतकातील महदंबेच्या रचनेसही ‘धवळे’ हेच नाव आहे. तेव्हा ही संज्ञा केवळ स्थानिक मानता येणार नाही. १९७० साली सिडको स्थापन झाली, पुढे भातशेती ओसरली आणि बोलीतील अनेक शब्दांचा आधारच सुटला. अशा वेळी धवळे प्रमाणभाषेत उतरवून पाठ्यांश करणे म्हणजे अर्थ राखून आचार गमावणे होय. वर्गाने ते धवळारिणीच्या मुखातूनच ऐकावेत.